विहिरीत सोडलेली उजेडाची तार

पोहरा विहिरीत पडला की आपल्या आज्या काय करायच्या, आठवतंय का? आरसा उन्हाकडे धरायचा आणि त्याचा कवडसा विहिरीत सोडायचा. कवडसा थेट तळापर्यंत जायचा, पोहऱ्याची कड चमकायची, मग गळ टाकून पोहरा वर ओढायचा. आत न उतरता विहिरीच्या पोटातलं बघायची ही युक्ती. आजचा विषय तिचाच भाऊबंद आहे. फरक एवढाच, की यातला कवडसा केसासारख्या बारीक काचेच्या तारेतून खाली जातो, आणि खालच्या पाण्यात नि हवेत काय मिसळलंय याची खबर घेऊन वर येतो.

हा विषय आम्ही का घेतला ते आधी सांगतो. १ नोव्हेंबर २०१८ ची गोष्ट. कल्याण पूर्वेला नेतिवली भागात एक विहीर साफ करायला कामगार उतरला. तो वर येईना म्हणून त्याला बघायला आणखी दोघे उतरले. तेही वर येईनात. मग अग्निशमन दलाला बोलावलं, त्यांचे दोन जवान उतरले. पाचही जण गेले. उल्हासनगरहून ही जागा रिक्षाने जाण्याच्या अंतरावर आहे. आत उतरणाऱ्या प्रत्येकाला पाणी दिसत होतं, गाळ दिसत होता. साठलेला विषारी वायू मात्र कुणालाच दिसत नव्हता.

आणि दुसरं कारण तर आपल्या रोजच्या हंड्यातलं. मे महिन्यात नळाला पाणी दिवसाआड येऊ लागलं की बदलापूर-अंबरनाथकडच्या कितीतरी घरांत बोअरचं पाणी प्यायला घेतलं जातं. ते पिण्याजोगं आहे का? आमच्या गटात या प्रश्नावर भांडण व्हायची वेळ आली होती. एकीचं म्हणणं, पाणी स्वच्छ दिसतं, कसला वास नाही, मग काय झालं? दुसरी म्हणाली, रात्री बारा-एकला पंप लावला की उग्र वास येतो, सकाळी जातो. आम्ही नमुना तपासायला दिला. बाटली भरली सकाळी अकरा वाजता. अहवाल चांगला आला. आता यात खोटं कोण? कुणीच नाही. बाटलीने अकरा वाजताचं सांगितलं आणि बाईने रात्री एकचं.

रात्रीची ही भीती उगाच नाही. वालधुनी नदीचंच बघा. अंबरनाथजवळ काकोळ्याच्या डोंगराकडे ती उगम पावते, शिवमंदिराच्या कडेने जाते. त्या मंदिरातला शिलालेख इसवी सन १०६० चा आहे, म्हणजे साडेनऊशे वर्षांहून अधिक काळ हे पाणी त्या दगडांशेजारून वाहतंय. पुढे ती उल्हासनगरमधून कल्याणकडे जाते, आणि त्या वाटेवर तिचं काय होतं ते लोकल गाडीच्या खिडकीतून सगळ्यांनी पाहिलंय. २०१४ च्या नोव्हेंबरात उल्हासनगरमध्ये रात्रीच्या अंधारात टँकरमधलं रसायन या पात्रात ओतलं गेलं. पहाटे वस्तीत वायू पसरला, शेकडो लोकांना उलट्या, चक्कर आणि श्वासाच्या त्रासाने दवाखान्यात न्यावं लागलं. पुढे २०१५ साली ‘वनशक्ती’ संस्थेच्या याचिकेवर राष्ट्रीय हरित लवादाने उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणासाठी महापालिका, नगरपालिका आणि सांडपाणी केंद्रांवर मिळून सुमारे ९५ कोटी रुपयांचा भार टाकला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि उल्हासनगरातली जीन्स धुलाईची अनेक युनिटं बंद झाली.

नदीचं पाणी डोळ्याला दिसतं, नाकाला कळतं. जमिनीखालच्या पाण्याचं तसं नाही. आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे, बसाल्ट. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थरावर थर. हा दगड मातीसारखा सगळीकडून पाझरत नाही. पाणी असतं ते वरच्या मुरमात, दोन थरांच्या मधल्या फटीत आणि दगडाच्या भेगांत. म्हणून तर एका बोअरला धो धो पाणी लागतं आणि पन्नास फुटांवरची दुसरी कोरडी जाते. रसायनही याच भेगांच्या वाटेने फिरतं. नाल्याशेजारची विहीर बिघडेलच असं नाही, आणि लांबची चांगली राहीलच असंही नाही. त्यात एखाद्या बोअरला साठ फुटांवर एक भेग लागलेली असते, दीडशेवर दुसरी, अडीचशेवर तिसरी. पंपातून येतं ते तिन्हींचं मिसळलेलं पाणी. त्यातली एकच भेग घाण असेल तर ती कोणती, हे बाटली सांगू शकत नाही.

म्हणजे आपल्याला असं काहीतरी हवं जे विहिरीत कायम राहील, रात्रीही जागं असेल आणि कुठल्या खोलीवर काय चाललंय ते वेगवेगळं सांगेल. इथे ती काचेची तार येते.

ही तार तुमच्या ओळखीची आहे. इंटरनेटसाठी रस्ता खणून जी फायबरची केबल टाकतात, तिच्याच पोटात ती असते. प्लास्टिकची वेष्टनं काढली की आत काचेचा एक तंतू उरतो, जाडी मिलिमीटरचा आठवा भाग. त्याच्या एका टोकाला उजेड सोडला की तो दुसऱ्या टोकाला निघतो, तार वळली तरी. उजेड तर सरळ जातो, मग वळणावर बाहेर का पडत नाही? ते गटाच्या बैठकीत करून बघा. प्लास्टिकच्या बाटलीला खालच्या बाजूला खिळ्याने एक भोक पाडा. बोटाने भोक बंद करून बाटली भरा, खोलीत अंधार करा. भोकाच्या बरोबर समोरच्या बाजूने, बाटलीला चिकटवून, मोबाइलचा टॉर्च धरा आणि बोट काढा. पाण्याची धार वाकून खाली पडेल, आणि उजेडही धारेबरोबर वाकेल. धारेखाली हात धरलात तर हातावर उजेडाचा ठिपका दिसेल. उजेड धारेच्या आतल्या बाजूवर तिरका आपटतो आणि आरशावर पडल्यासारखा परत आत वळतो, असं करत करत खाली येतो. १८४० च्या दशकात जिनिव्हाच्या डॅनियल कोलाडॉन यांनी हेच लोकांना करून दाखवलं होतं. काचेच्या तंतूंच्या जुडीतून चित्र पलीकडे पाठवण्याचं काम १९५४ साली लंडनमध्ये आपल्या पंजाबातल्या मोग्याच्या नरिंदर सिंग कपानींनी केलं. (मुलांना हा प्रयोग दाखवाल तर फरशी पुसायचं फडकं हाताशी ठेवा. आम्ही ठेवलं नव्हतं.)

उजेड खाली गेला, ठीक. पण रसायन कसं ओळखणार? याच्या दोन-तीन रीती आहेत, आणि त्यातली एक तुम्ही घरात रोज बघता.

साडीवर हळदीचा डाग पडला आणि त्यावर साबण चोळला तर डाग लालभडक होतो. लिंबू पिळलं की पुन्हा पिवळा. म्हणजे हळद आपल्याला सांगते, इथे खार आहे, इथे आंबट आहे. बदलापूरच्या जांभळाच्या रसाचंही तेच. लिंबाने तो गुलाबी होतो, खायच्या सोड्याने निळसर-हिरवट. आता समजा, असा रंग बदलणारा पदार्थ काचेच्या तंतूच्या टोकावर पक्का बसवला आणि ते टोक विहिरीत सोडलं. वरून उजेड पाठवला. तो टोकाशी गेला, रंगाला लागून परत आला. वरची पेटी परत आलेला उजेड बघते आणि सांगते, टोक आता पिवळं आहे की लाल, आणि नेमकं किती लाल. पाणी आम्ल आहे की खारट-साबणी, ते विहिरीत न डोकावता कळलं. शास्त्रज्ञ अर्थात हळद वापरत नाहीत, ती विरते आणि उन्हात उडते. ते टिकाऊ रंग जाळीदार थरात पकडून बसवतात. पाण्यातला प्राणवायू मोजायला रुथेनियम धातूचा एक खास रंग असतो. निळा उजेड पडला की तो तांबडा चमकतो, आणि प्राणवायू जितका जास्त तितकी त्याची चमक मंद होते. पाण्यात घाण कुजत असेल तर प्राणवायू घटतो आणि ती चमक वाढते.

दुसऱ्या रीतीत रंग लावायचाच नाही. तंतूचं वरचं वेष्टन थोड्या जागी काढून काच उघडी करायची. उजेड काचेच्या आत असला तरी त्याची धग अगदी थोडी, केसाच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी, बाहेर डोकावते. चुलीवरच्या भांड्याला हात न लावता धग लागते, तसं समजा. बाहेरच्या पाण्यात त्या उजेडाला गिळणारा पदार्थ असेल तर पलीकडे पोचणारा उजेड कमी होतो. प्रत्येक पदार्थ ठराविक उजेडच गिळतो. जीन्सचा निळा रंग एक गिळतो, खतातून झिरपणारं नायट्रेट दुसरा, तोही डोळ्याला न दिसणारा. हे काम आपल्याकडेही झालंय. पवईच्या आयआयटी मुंबईत प्राध्यापक सौम्यो मुखर्जी यांच्या गटाने तंतू केसांच्या आकड्यासारखा वाकवला. वाकवलेल्या जागी उजेड जास्त डोकावतो, म्हणून खूण चांगली पकडली जाते. अशा तंतूने पाण्यातला ई. कोलाय नावाचा जंतू ओळखण्याचं त्यांचं संशोधन २०११ साली प्रसिद्ध झालं. ई. कोलाय म्हणजे पाण्यात विष्ठा मिसळल्याची खूण.

तिसरी रीत आम्हाला सगळ्यात मजेची वाटली. यात अख्खी तारच मोजमाप करते. काचेतून उजेड सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो. तारेत उजेडाचा एक झटका सोडला की वाटेतल्या प्रत्येक ठिकाणाहून त्याचा बारीकसा हिस्सा मागे परततो. डोंगरासमोर हाक मारली की प्रतिध्वनी किती वेळाने आला यावरून डोंगर किती लांब ते कळतं, तसंच इथे. उजेड किती वेळात परतला त्यावरून किती खोलीवरून आला ते कळतं, आणि परतलेल्या उजेडाच्या रंगातल्या फरकावरून तिथलं तापमान कळतं. आता बोअरमध्ये जिथे भेगेतून पाणी आत येतं, तिथलं तापमान थोडं बदलतं. म्हणजे साठ फुटांवरची भेग आणि दीडशेवरची भेग, दोन्ही वेगळ्या दिसतात. रसायन ओळखणारी टोकं कुठे बसवायची, ते यावरून ठरवता येतं.

हे सगळं खरं तर गावाच्या विहिरीसाठी जन्मलं नाही. ते वाढलं तेलाच्या विहिरींत. मुंबईपासून समुद्रात सुमारे १६० किलोमीटरवर १९७४ साली तेल सापडलं, ते मुंबई हाय. अशा विहिरी किलोमीटरच्या हिशोबाने खोल जातात. जमिनीत जितकं खाली तितकं गरम. आपल्या वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडांत हात घातलाय ना, ते पाणी खोलातून तापूनच वर येतं. तेलाच्या विहिरीत उष्णता पाणी उकळण्याच्या कितीतरी पलीकडे जाऊ शकते. दाबही तसाच. पाण्यात दर दहा मीटरला दर चौरस सेंटिमीटरमागे एक किलो वजन वाढतं, मग काही हजार मीटरवर काय होत असेल? वर खारं पाणी आणि सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड, जो धातू खातो. अशा जागी बॅटरी आणि सर्किट असलेलं यंत्र फार दिवस जगत नाही. काचेच्या तारेत खाली ना बॅटरी, ना सर्किट. अक्कल सगळी वरच्या पेटीत, खाली नुसती काच. वीज नसल्याने ठिणगी पडत नाही, म्हणून पेट घेणाऱ्या वायूच्या जागीही ती चालते.

काचेलाही शत्रू आहे मात्र. खोल गरम विहिरीत हायड्रोजन वायू काचेच्या आत शिरतो आणि तंतू आतून काळवंडतो. उजेड वाटेतच गिळला जातो, मापं चुकू लागतात. त्यासाठी तंतूवर कोळशाचा, म्हणजे कार्बनचा, अतिशय पातळ लेप देतात आणि वरून स्टीलची नळी घालतात. आपल्या साध्या विहिरीत हा त्रास नाही, तिथे दुसराच. पंधरा दिवसांत टोकावर शेवाळ आणि बुळबुळीत थर चढतो. मग तार पाण्याची खबर देत नाही, शेवाळाची देते. माणसाने जाऊन टोक पुसावंच लागतं, आणि माप बरोबर येतंय ना ते ओळखीच्या पाण्यात बुडवून बघावं लागतं. वजनकाट्यात आपण किलोचं माप ठेवून बघतो, तसं.

आणखी एक अडचण सांगायलाच हवी. तारेला जे विचाराल तेवढंच ती सांगते. आम्लता ओळखणारं टोक क्रोमियमबद्दल गप्प बसेल. ‘सेन्सर बसवलाय, पाणी सुरक्षित’ असं कुणी गावात येऊन म्हणालं तर विचारा, नेमकं काय मोजतो? शेवटचं टोक कधी पुसलं? आकडे कुठे लावले जातात? तंतू स्वस्त असतो, उजेड वाचणारी पेटी महाग, त्यामुळे गावोगावी ही तार लागायला वेळ आहे. भूजल यंत्रणेने काही निरीक्षण विहिरींत पाण्याची पातळी आपोआप नोंदवणारी यंत्रं बसवली आहेत. पण पातळी वेगळी आणि पाण्यात काय आहे ते वेगळं. आमचं मत विचाराल तर पहिल्या तारा घरोघरच्या बोअरमध्ये नकोत. कारखान्यांच्या वसाहती आणि पिण्याच्या विहिरी यांच्या मधल्या पट्ट्यात दोन-चार निरीक्षण बोअर घेऊन तिथे त्या सोडाव्यात. विष आपल्या हंड्यापर्यंत यायच्या आधी वाटेतच कळलेलं बरं.

तोवर काय, तर आधी उतरण्याचं बोलू. विहीर साफ करायची असेल तर घरातल्या कुणालाही तसंच उतरू देऊ नका. कंदील सोडून बघायची जुनी रीत पुरी पडत नाही. कंदील विझला तर प्राणवायू नाही एवढं कळतं, पण हायड्रोजन सल्फाइड माणूस मारण्याइतका असला तरी कंदील जळत राहतो. आणि मिथेन असेल तर भडकाच उडेल. नाकावरही भरवसा नको. हा सडक्या अंड्याचा वास थोडा असताना येतो, वायू वाढला की नाकच बधिर होतं आणि वास गेला असं वाटतं. तेव्हाच खरा धोका असतो. दोरीने खाली सोडायचं चार वायूंचं छोटं मीटर मिळतं. हवेत प्राणवायू साधारण २०.९ टक्के असतो, मीटर १९.५ च्या खाली दाखवत असेल तर उतरायचं नाही. आणि आत कुणी पडलाच तर त्याच्यामागे उडी नको. आधी अग्निशमन दलाला फोन. नेतिवलीत पहिल्यानंतरचे चौघे मदतीसाठीच उतरले होते.

आता पिण्याचं. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच जणींना पाणी तपासणीच्या किटचं प्रशिक्षण द्यायचं ठरलेलं आहे. तुमच्या गावात त्या पाच कोण, माहीत आहे का? नसेल तर ग्रामपंचायतीत विचारा. किटमध्येही तेच हळदीचं तत्त्व आहे, रसायन टाकलं की रंग उमटतो, तो तक्त्याशी जुळवायचा. लक्षात ठेवायचे आकडे थोडेच आहेत. आम्लता म्हणजे पीएच ६.५ ते ८.५ च्या मधे. टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगले, दुसरी सोय नसेल तर २००० पर्यंत. नायट्रेट ४५ च्या वर नको, तान्ह्या बाळांना ते बाधतं. पाणी उकळलं की जंतू मरतात, पण क्षार आणि नायट्रेट जात नाहीत. उलट पाणी आटल्याने ते दाट होतात.

कारखान्यातली द्रावणं, क्रोमियम, शिसं यांचं या किटने कळत नाही. त्यासाठी नमुना प्रयोगशाळेतच जायला हवा. रासायनिक तपासणी वर्षातून एकदा ठरलेली असते, पण तक्रारीची नोंद असेल तर मधेही मागता येते. म्हणून नोंद हवी. आम्ही गटाच्या हिशोबाच्या वहीतच मागची पानं त्यासाठी ठेवली आहेत. तारीख, वेळ, कुठली बोअर, वास कसा, रंग कसा, पाऊस होता का, टीडीएसचा आकडा. साध्या मीटरने आठवड्यातून एकदा सकाळी आणि एकदा रात्री टीडीएस घेतो. दोन महिन्यांनी दिसलं, की आमच्या बोअरचा रात्रीचा आकडा काही ठराविक दिवशीच चढतो. पुढचा नमुना आम्ही त्या रात्री बारानंतर घेतला. दहा मिनिटं पंप चालवून, बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून, काठोकाठ भरून, झाकणावर वेळ लिहून. तो प्रयोगशाळेत गेलाय, अहवाल आला की इथेच सांगू.

आणि हो, किट उघडलंत की आधी बाटल्यांवरची मुदत बघा. मुदत संपलेल्या रसायनाला रंग येत नाही, आणि आपण समजतो पाणी चांगलं आहे.